जुन्या गाडीच्या विजेचा लहरी दोष : आधीं नोंद, मग मोजणी, शेवटीं खरेदी

अंगांत एकसारखा असणारा ताप वैद्यास ओळखतां येतो; परंतु एक दिवस हुडहुडी भरवून दुसऱ्या दिवशीं पार नाहींसा होणारा ताप घेऊन रोगी दवाखान्यांत गेला, तर त्या वेळीं त्याचें अंग नेमकें थंड असतें, आणि वैद्यानें काय पाहावें असा प्रश्न पडतो. जुन्या मोटारगाडीच्या विजेच्या कामांत जो दोष कधीं दिसतो व कधीं दिसत नाहीं, त्याची जात हीच होय. पहांटे गाडी चालू होत नाहीं. नऊ वाजतां मिस्त्री येतो, तों ती पहिल्याच किल्लीस सुरू होते. मिस्त्री हंसतो, मालक ओशाळतो, आणि मिस्त्रीच्या फेरीचे पैसे देऊन तो दिवस संपतो. चार दिवसांनीं पुन्हां तेंच.

हा विषय शेतीच्या मासिकांत कशास, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, शेतकऱ्याची गाडी ही हौसेची वस्तु राहिलेली नाहीं. भाजीच्या पाट्या पहांटेच्या लिलावास, दुधाचे कॅन संकलन केंद्रावर, आणि रात्रीं-अपरात्रीं वस्तीवरील आजारी माणूस तालुक्याच्या रुग्णालयांत, हीं सर्व कामें तीच करते. त्यांतून आपल्याकडील पुष्कळ गाड्या जुन्या आहेत. अॅम्बॅसेडर व मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचें उत्पादन २०१४ सालीं बंद झालें. तरी त्या व त्यांहून वडील अशा डिझेल जीपगाड्या आजही बांधांवर उभ्या दिसतात. नवी गाडी घेण्याचें बळ प्रत्येकास नाहीं, व ज्यास आहे त्यानेंही चालती वस्तु मोडींत घालावी असें मी म्हणणार नाहीं. मात्र जुनें वापरावयाचें तर जुन्याची परीक्षा आली पाहिजे.

प्रस्तुत लेखकाचें मत थोडक्यांत असें आहे : लहरी दोष असलेल्या गाडीस, दोष सिद्ध झाल्यावांचून, एकही नवा भाग विकत घेऊन बसवूं नये. आधीं नोंद ठेवावी, मग मोजणी करावी, आणि खरेदी सर्वांत शेवटीं. आज बहुतेक ठिकाणीं हा क्रम नेमका उलटा चालतो व त्यांत शेतकऱ्याचा पैसा आणि हंगाम दोन्ही वायां जातात. माझी हयात महसुली दप्तरांत गेली. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. परंतु खोटी तक्रार व खरी तक्रार यांतील भेद कागद आणि जागेवरील पाहणी यांनींच कळतो, एवढें त्या नोकरीनें शिकविलें. आणि तें मोटारीसही लागू पडतें असा माझा अनुभव आहे.

एक उदाहरण देतों. आमच्या भागांतील एका बागाईतदारांची डिझेल जीप मधूनमधून सेल्फ घेईनाशी झाली. किल्ली फिरविली कीं ‘कट्’ असा एकच आवाज होई व पुढें कांहीं नाहीं. अर्ध्या तासानें तीच गाडी मुकाट्यानें सुरू होई. एका गॅरेजमध्यें प्रथम बॅटरी बदलली. पंधरा दिवस बरे गेले. मग पुन्हां तोच प्रकार. तेव्हां सेल्फ उतरवून दुसरा बसविला. महिनाभर ठीक, आणि श्रावणांतील एका रात्रीं, शेतावरील गड्यास सर्पदंश झाला असतां, ती जीप गोठ्यासमोर पुन्हां ‘कट्’ करून थांबली. चार माणसांनीं चिखलांत ढकलून ती कशीबशी चालू केली. रुग्ण वेळेवर पोहोंचला व बचावला, ही ईश्वराची कृपा; परंतु त्या चिखलांतील दहा-बारा मिनिटें त्या घरचीं माणसें अजून विसरलेलीं नाहींत. पुढें एका वयोवृद्ध मिस्त्रीनें मीटर लावून दोष दाखविला तो असा : चासी व इंजिन यांस जोडणारी तांब्याच्या वेणीची जी अर्थिंगची पट्टी असते, तिच्या बोल्टाखालीं गंज व तेलकट मळ साचला होता. पट्टी काढून, बूड काचपेपरनें पांढरें करून, नवा बोल्ट आवळला. दोष गेला तो गेलाच. बॅटरी व सेल्फ यांवर झालेला खर्च मात्र परत आला नाहीं.

येथें दोष त्या गॅरेजच्या लबाडीचा होता असें मी समजत नाहीं. बॅटरी बदलल्यावर पंधरा दिवस गाडी चालली, तेव्हां निदान बरोबर होतें असें कोणासही वाटलें असतें. लहरी दोषाची खरी फसवणूक येथेंच आहे. जो दोष आपोआप नाहींसा होतो, तो ज्या दिवशीं जें औषध दिलें असेल त्या औषधास यश देऊन जातो.

आतां हें असें कां घडतें तें पाहूं. मोटेचें पाणी थारोळ्यांत पडून पाटानें पिकास जातें व तेथेंच जिरतें. विजेचें तसें नाहीं. ती बॅटरीच्या एका टर्मिनलांतून निघते, काम करते, आणि दुसऱ्या टर्मिनलास परत आलीच पाहिजे. मोटारींत जाण्याची वाट तांब्याच्या वायरींतून असते, परंतु परतीची वाट गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून काढलेली असते. या परतीच्या वाटेस ‘अर्थ’ म्हणतात. इंजिन हें रबराच्या बैठकींवर बसविलेलें असतें, आणि रबरांतून वीज वाहत नाहीं; म्हणून इंजिन व सांगाडा यांस जोडणारी ती पट्टी लागते. आपण सर्वजण जाणारी वायर तपासतों. परतीची वाट कोणी पाहत नाहीं. जुन्या गाड्यांत तर दोष बहुधा याच वाटेवर दबा धरून बसतो.

जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला एक साधा नियम येथें उपयोगी पडतो. सांध्यामध्यें विजेस जितका अडथळा, त्यास प्रवाहाच्या आंकड्यानें गुणिलें म्हणजे तेथें किती व्होल्ट वायां जातात तें निघतें. समजा, त्या गंजलेल्या बोल्टाचा अडथळा ओमचा अवघा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ ओम, इतकाच आहे. साठ वॅटच्या दिव्यास सुमारें ५ अँपियर प्रवाह लागतो. तो या सांध्यांतून गेला तर फक्त ०.१ व्होल्ट घटेल; दिवा लख्ख पेटेल, आणि पाहणारा म्हणेल सांधा उत्तम आहे. परंतु डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरतांना २०० अँपियर मागतो असें धरा. त्याच सांध्यांत ४ व्होल्ट खर्ची पडतील. बारा व्होल्टांच्या संसारांत चार व्होल्ट वाटेंतच लुटले गेले, तर सेल्फानें काय करावें? तो ‘कट्’ करून थांबतो. शिवाय ओझें पडतां सांधा तापतो, तापल्यानें धातु फुगते, आणि आधींच नाममात्र टेकलेला स्पर्श सुटतो. निवल्यावर पुन्हां टेकतो. अर्ध्या तासानें गाडी आपोआप सुरू होण्याचें रहस्य तें हें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बॅटरी भरणारा अल्टरनेटर इंजिनावरच बसविलेला असतो. त्याचाही प्रवाह याच पट्टीवरून फिरतो. म्हणजे पट्टी खराब असली कीं बॅटरी पुरती भरत नाहीं व लवकर थकते. म्हणून त्या बागाईतदारांची जुनी बॅटरी तपासली तेव्हां ती खरोखर दुबळी आढळली असली, तर त्यांत नवल नाहीं. परंतु ती रोगाचें कारण नव्हती, रोगाची बळी होती. नवी बॅटरीही वर्षभरांत त्याच वाटेनें गेली असती.

ढकलून गाडी चालू झाली म्हणजे बॅटरीच गेली, ही समजूतही सोडून द्यावी. ढकलण्यानें सेल्फाचा मोठा प्रवाह लागत नाहीं, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. तो प्रवाह बॅटरींत नाहीं, कीं आहे पण पोहोंचत नाहीं, हा निवाडा बाकीच राहतो.

लहरी दोष जागा करणारीं कारणें मुख्यत्वें चार : हादरा, उष्णता, ओल व ओझें. खडकाळ रस्त्यावर दिवे मिणमिणतात व डांबरी रस्त्यावर ठीक असतात, तर कोठें तरी सैल सांधा किंवा आंतून तुटलेली वायर आहे. पेट्रोलची गाडी थंड असतां नीट चालते, तासाभरानें बंद पडते व वीस मिनिटें निवल्यावर पुन्हां चालते, तर इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सर यांवर संशय घ्यावा. कॉइलच्या आंतील बारीक तार तापून सुटते व निवून जुळते. पावसांत किंवा गाडी धुतल्यावरच दोष येतो, तर डिस्ट्रिब्युटरच्या टोपणास गेलेली बारीक चीर व जाड प्लग-वायरी पाहाव्या. आणि दिवे, पंखा, हॉर्न असें सर्व एकदम लावलें कींच दोष येतो, तर अर्थ व बॅटरीचीं टर्मिनलें. उजवीकडे वळण्याचा दिवा लावला कीं मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर उघडझांप करतो, हा प्रकार अनेकांनीं पाहिला असेल. त्या दिव्याची परतीची वाट बंद असून वीज शेजारच्या दिव्यांतून वाट काढीत आहे, असा त्याचा अर्थ. त्याचप्रमाणें सेल्फ मारतांना अॅक्सिलरेटरची किंवा चोकची तार हातास गरम लागली, तर इंजिनाची पट्टी नादुरुस्त आहे व प्रवाह त्या बारीक तारेवरून धांवत आहे हें पक्कें समजावें. दोष मुळांत डिझेल गाडीचा असून ती चालतां चालतां बंद पडत असेल, तर आधीं डिझेलच्या नळींत हवा शिरते कीं काय तें पाहावें. ज्या जुन्या इंजिनास बंद करण्याची ओढ-दांडी आहे, तें एकदां चालू झाल्यावर विजेवांचूनही चालत राहतें.

यावरून नोंदीचें महत्त्व कळेल. गाडींत एक शाळकरी वही व दोरीनें बांधलेली पेन्सिल ठेवावी. दोष आला कीं त्याच ठिकाणीं लिहावें : तारीख व वेळ, गाडी किती किलोमीटर चालली होती, इंजिन थंड कीं तापलेलें, हवा कोरडी कीं ओली, कोणते दिवे, पंखे लावलेले होते, रस्ता कसा, खड्डा, वळण कीं चढ, किल्ली फिरविल्यावर आवाज झाला कीं नाहीं, दिवे मंद झाले कीं तसेच राहिले, आणि किती वेळानें दोष आपोआप गेला. रात्रीं घरीं येऊन आठवणीनें लिहिलेली नोंद खरी नव्हे. जागेवर न जातां लिहिलेल्या पंचनाम्याइतकीच तिची किंमत. पांच-सहा नोंदी झाल्या कीं त्यांतून आपोआप एक सूत्र दिसूं लागतें. ‘प्रत्येक वेळीं आदल्या दिवशीं पाऊस होता’, किंवा ‘प्रत्येक वेळीं बाजारांतून परत येतांना, इंजिन तापलेलें असतां’. हें सूत्र हातीं घेऊन मिस्त्रीकडे गेलेला मालक व ‘कधीं होतें, कधीं होत नाहीं’ एवढेंच सांगणारा मालक, यांत फार अंतर आहे.

त्याच वहींत दुसरी नोंद करावी ती फेरफाराची. कोणता भाग केव्हां बदलला, कोणी बदलला, कोणती वायर नवीन ओढली, तें लिहावें. जमिनीच्या दप्तरांत फेरफार लिहिल्यावांचून हक्काची नोंद बदलत नाहीं. आपल्या गाडींत मात्र दहा वर्षांत दहा हातांनीं वायरी जोडलेल्या असतात, व एकाचीही नोंद नसते. ब्रिटिश घडणीच्या जुन्या गाड्यांत वायरींचे रंग ठरलेले होते : काळी अर्थची, तपकिरी बॅटरीकडून सरळ येणारी, पांढरी किल्लीवरची, हिरवी किल्ली व फ्यूज यांतून येणारी, निळी मोठ्या दिव्यांची, तांबडी बाजूच्या व मागच्या दिव्यांची. असा ठराव मूळ कारखान्यानें केला तो वाट चुकूं नये म्हणूनच. आपण तेथें हातास येईल त्या रंगाची वायर पिळून, वर काळी टेप गुंडाळून मोकळे होतों, आणि पुढच्या मिस्त्रीस आंधळा करून ठेवतों.

आतां मोजणी. यास दोनच साधनें लागतात. एक डिजिटल मल्टिमीटर. साधा मीटर डी.ए.पी.च्या एका गोणीहून कमी किमतींत मिळतो. दुसरें, घरींच करतां येणारा तपासदिवा : २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, त्याचें होल्डर व दोन लांब वायरी. दोन्ही लागण्याचें कारण असें. मीटर स्वतः जवळजवळ कांहींच प्रवाह घेत नाहीं. म्हणून ज्या वायरीचे सगळे पदर तुटून एकच उरला आहे, तिच्या टोकासही तो पुरे १२ व्होल्ट दाखवितो. तपासदिवा पावणेदोन अँपियर मागतो. तेथें ती वायर उघडी पडते. रिकाम्या बैलगाडीनें पुलाची परीक्षा होत नाहीं, भरलेल्या गाडीनें होते. मात्र ज्या गाडींत इंजिनाचा संगणक आहे, तिच्या संगणकाच्या वायरींस तपासदिवा लावूं नये. तेथें मीटरच वापरावा.

सेल्फ न घेण्याचा दोष असेल तर पुढील क्रम ठेवावा. गाडी न्यूट्रलमध्यें, हातब्रेक ओढलेला. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावावा. सहा कप्प्यांच्या भरलेल्या बॅटरींत सुमारें १२.६ व्होल्ट असतात; १२.० च्या आसपास असल्यास ती बरीचशी रिकामी आहे. इंजिन चालू असतां १३.८ ते १४.४ दिसल्यास अल्टरनेटर आपलें काम करतो. नंतर मोठे दिवे लावून दुसऱ्यास किल्ली फिरविण्यास सांगावें. दिवे विझत आले आणि बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवरच मीटर ९.६ च्या खालीं गेला, तर बॅटरी दुबळी किंवा रिकामी. खुंट्यांवर मीटर चांगला राहिला पण दिवे मंद झाले, तर खुंटी व तिच्यावरील पकड यांच्यामध्यें किंवा सांगाड्याकडे जाणाऱ्या केबलींत दोष. आणि मीटर चांगला, दिवेही लख्ख, तरी सेल्फ ‘कट्’ करून थांबतो, तर सेल्फाच्या स्वतःच्या वाटेवर किंवा सेल्फांतच दोष आहे.

मग वाटेचे तुकडे पाडावे. मीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरें इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर टेकून किल्ली फिरवावी. येथें ०.२ व्होल्टच्या आसपास घट क्षम्य आहे. त्या जीपमध्यें ती चारांवर गेली होती! तसेंच धन खुंटी ते सेल्फाचा जाड बोल्ट : येथें अर्ध्या व्होल्टापर्यंत चालेल. जेथें आंकडा मोठा, तेथें त्याच वाटेचे पुन्हां दोन भाग करावे. खुंटी ते सांगाडा, सांगाडा ते इंजिन. असें अर्धें अर्धें करीत गेलें कीं मोजणीदार बांधाच्या दगडाशीं पोहोंचतो तसे आपण नेमक्या सांध्याशीं पोहोंचतों. ओमच्या कांट्यावर हा दोष शोधूं पाहणें व्यर्थ. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्या सांध्याच्या कित्येक पट असतो. दोष नेहमी प्रवाह वाहत असतां व्होल्टांत मोजावा.

मीटर नसेल त्यानें जंप केबलचा उपयोग करावा. काळ्या केबलीचें एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीस व दुसरें इंजिनाच्या उघड्या लोखंडास लावावें, आणि किल्ली फिरवावी. गाडी तत्काळ सुरू झाली, तर अर्थची वाट दोषी, हें एक रुपया खर्च न करतां सिद्ध झालें. लाल केबल व धन खुंटी यांस या प्रयोगांत हात लावूं नये.

दोष हजर नसेल तर त्यास बोलवावें लागतें. पेंचकसाच्या लांकडी मुठीनें सांध्यांवर हलकें ठोकावें, वायरींचे जुडगे एकेक करून हलवावे, ओलीचा संशय असल्यास फवाऱ्याच्या बाटलींतून नुसता तुषार मारावा. मात्र एका वेळीं एकच गोष्ट करावी. चार गोष्टी एकदम केल्या आणि दोष गेला, तर कशानें गेला तें कळत नाहीं व तो परत येतो. आणि गाडी रस्त्यांत बंद पडली तर ती निवण्याची वाट न पाहतां, रस्त्याच्या कडेस सुरक्षित उभी करून, त्याच क्षणीं तपासदिवा लावावा. कॉइलपर्यंत वीज येत आहे व ठिणगी नाहीं, तर दोष कॉइलपासून पुढें. वीज येतच नाहीं, तर कॉइलपासून मागें, किल्लीच्या बाजूस. साक्षीदार उभा असतां त्याची जबानी घ्यावी, तो निघून गेल्यावर नव्हे.

आतां कांहीं कडू शब्द आपल्यास उद्देशून लिहिणें प्राप्त आहे. हे दोष पुष्कळसे आपणच पेरतों. रानांतील झटका-कुंपणास किंवा ट्रॅक्टरास लागली म्हणून गाडीची बॅटरी वरचेवर काढतों, आणि परत लावतांना पकड हातानेंच दाबून सोडतों. खताच्या गोण्या त्याच गाडींतून नेतों. पोटॅशची व इतर क्षारांची धूळ हवेंतील ओल ओढून घेते, व ती तांब्याच्या आणि लोखंडाच्या सांध्यांस खाते. कडब्याच्या गंजीशेजारीं गाडी उभी करतों, तेथें उंदीर वायरींचीं आवरणें कुरतडतात. फ्यूज उडाला कीं त्या जागीं सिगारेटच्या पाकिटांतील चांदी किंवा जाड तार घालतों. या शेवटच्या संवयीचा तर निषेधच केला पाहिजे. फ्यूज उडतो तो गाडी वांचविण्यासाठीं. त्याचें तोंड बंद केलें तर पुढें वायर जळते, आणि वायरीच्या शेजारीं इंधनाची नळी असते.

उपाय सोपे आहेत. वर्षांतून दोनदां, मृगापूर्वीं व दिवाळीनंतर, बॅटरीचीं टर्मिनलें काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावीं. तें पाणी कप्प्यांत जाऊं देऊं नये. आधीं ऋण टर्मिनल काढावें व लावतांना तें शेवटीं लावावें, म्हणजे पाना चुकून सांगाड्यास लागला तरी ठिणगी उडणार नाहीं. बॅटरींतून निघणारा वायु पेट घेणारा असतो. जवळ विडी किंवा काडी नसावी. घांसून आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी. त्याच दिवशीं इंजिनाची पट्टी व दिव्यांचे अर्थ-स्क्रू काढून, घांसून बसवावे. ज्या गाडींत उघड्या कांडीचे फ्यूज आहेत, त्यांचीं टोकें पुसून फिरवावीं. या कामास अर्धा दिवस लागतो.

कोणी म्हणेल, ‘हा सर्व उद्योग मिस्त्रीचा, आम्हीं नांगर सोडून मीटर धरावा काय?’ आक्षेप अगदींच चुकीचा नाहीं. दुरुस्ती मिस्त्रीनेंच करावी. परंतु पिकावरील रोगाचें नांव ठाऊक नसतां दुकानदार देईल तें औषध फवारणारा शेतकरी, व दोष ठाऊक नसतां सांगितला तो भाग घेणारा मोटारमालक, यांची गत एकच. आपण मिस्त्रीस एवढाच प्रश्न विचारावा, ‘हा भाग खराब आहे हें मला मोजून दाखवाल का?’ जाणता मिस्त्री या प्रश्नानें रागावत नाहीं, उलट त्यास आनंद होतो. आणि त्याच्या शोधण्याच्या वेळेचे पैसे आपणही विनातक्रार द्यावे. दोन तास खपून एक बोल्ट घांसणाऱ्यास आपण पन्नास रुपये देतांना कुरकुरतों, आणि दहा मिनिटांत नवा सेल्फ बसविणाऱ्यास हजारों रुपये हंसत देतों. मग मिस्त्रीनें शोधण्याची विद्या कां जोपासावी? या रोगाचें अर्धें मूळ आमच्या या हिशेबांत आहे, असें मला वाटतें.

दुसरा आक्षेप असा कीं, जुन्या गाडीवर इतके श्रम कशास, ती विकूनच टाकावी. ज्यास परवडेल त्यानें खुशाल विकावी. परंतु लहरी दोषासह विकलेली गाडी पडत्या भावानें जाते, व तो दोष दुसऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यांत पडतो. शिवाय खाजगी गाडीच्या नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपल्यावर दर ५ वर्षांनीं नूतनीकरणासाठीं तपासणी होते. त्या वेळीं दिवे व हॉर्न चालले पाहिजेत. तेव्हां ठेवावयाची असो वा विकावयाची असो, दोष काढणें चुकत नाहीं.

आपल्या संघास माझी नम्र सूचना अशी. संघानें दोन मीटर, दोन तपासदिवे व एक चांगली जंप केबल विकत घेऊन कचेरींत ठेवावी, आणि सभासदांस नोंदवहींत सही घेऊन दोन दिवसांसाठीं द्यावी. पावसाळ्यापूर्वीं एखाद्या रविवारीं एका जाणत्या मिस्त्रीस योग्य मानधन देऊन बोलवावें, व सभासदांच्या पांच-सहा जुन्या गाड्यांवर ही मोजणी सर्वांसमक्ष करून दाखवावी. घरोघरचे मुलगे व मुली दोन्ही यावीं. रात्रीं वस्तीवर प्रसंग पडतो तेव्हां घरचा पुरुष हजर असतोच असें नाहीं. या सर्वांस होणारा खर्च एका अनावश्यक बॅटरीच्या किमतीइतका क्वचितच होईल.

पावसाळा जवळ येत आहे, आणि सर्पदंश, प्रसूति वा आकस्मिक दुखणें रस्ता व वेळ पाहून येत नाहीं. १०८ ची रुग्णवाहिका बोलवावीच. परंतु चिखलाच्या शिवाररस्त्यानें ती वस्तीपर्यंत येऊं शकली नाहीं, तर डांबरी सडकेपर्यंत रुग्णास नेणारी गाडी आपलीच असते. ती त्या रात्रीं पहिल्या किल्लीस सुरू व्हावी, एवढ्यासाठीं या महिन्यांत सवड काढून एक बोल्ट उघडून पाहावा व एक वही गाडींत ठेवावी, अशी सर्व सभासद बंधु-भगिनींस विनंति आहे.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून